बंदूक कोणाच्या नावाची?

एरवी या सदराकडे येणारी पत्रे सातबारा, वारसनोंद आणि पाणंदीच्या वादांची असतात. या खेपेस मात्र बंदुकीविषयी इतकी पत्रे आली, की हा संपूर्ण हप्ता त्यांनाच द्यावा असे संपादकांनी सुचवले आणि आम्हालाही ते पटले. काही पत्रे शस्त्र परवान्याच्या साध्या अडचणींची आहेत, काहींत अमेरिकेतील गोळीबारांच्या बातम्या वाचून पडलेले प्रश्न आहेत आणि एक पत्र फार काळजीचे आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या नावे पीक संरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरण्याची) बंदूक होती. ते जाऊन दोन वर्षे झाली. बंदूक अजून माजघरात दाराच्या वर खुंट्यांना टांगलेली आहे, आई दसऱ्याला तिला फूल वाहते. परवान्याची वही ट्रंकेत सापडली, तिच्यावर नूतनीकरणाचा शेवटचा शिक्का २०१७ चा आहे. मी गावी बाग बघतो, थोरला भाऊ मुंबईला असतो. बंदूक घराण्याचीच असल्याने दोघांपैकी कोणाच्याही नावावर होईल, असे गावात सांगतात. ते खरे आहे का? (एक बागायतदार, राजापूर तालुका)

उत्तर : गावात सांगतात ते खरे नाही, आणि या हप्त्यातील निम्म्या पत्रांचे मूळ याच समजुतीत आहे. जमीन, घर, भांडीकुंडी वारसाने मिळतात. बंदुकीची किंमतही वारसांचीच, परंतु ती जवळ बाळगण्याची परवानगी ज्या माणसाला दिलेली असते त्याच्याबरोबरच ती संपते. आपल्या बाबतीत तर ती वडील हयात असतानाच, नूतनीकरण न झाल्यामुळे, संपलेली दिसते. म्हणजे आज कायद्याच्या दृष्टीने माजघरात विनापरवाना बंदूक आहे, आणि ती वापरली नाही, नुसती टांगलेली आहे, हा बचाव होऊ शकत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ याचे कलम २१ असे सांगते, की शस्त्र बाळगणे कोणत्याही कारणाने बेकायदा ठरले, तर ते विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले पाहिजे. जमा करणाऱ्याला अथवा त्याच्या वारसाला पुढे परवाना मिळवून ते परत घेण्याचा, किंवा रीतसर विकून पैसे घेण्याचा हक्क राहतो. तो ठरावीक मुदतीत बजावला नाही, तर शस्त्र सरकारजमा होते. जमा न करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी किमान एक वर्षाची कैद होती, आता ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झाली आहे.

म्हणून पहिले काम असे करावे, की वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि परवान्याची वही यांच्या प्रती जोडून, बंदूक घरात कशी राहिली हे दोन परिच्छेदांत खरेखरे लिहून, पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तयार करावा. शक्य असल्यास वकील बरोबर न्यावा. बंदूक एस.टी.तून किंवा दुचाकीवर घेऊन जाऊ नये. आधी अर्ज द्यावा, ठाण्याला कळवावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे ती सुपूर्द करावी. घरात बंदुकीची दारू, छर्रे किंवा बार पेटवणाऱ्या टोप्या असतील तर त्याही द्याव्यात. जमा केल्याची पावती, त्यात बंदुकीच्या नळीवरील क्रमांक व वर्णनासह, मागून घ्यावी. स्वतःहून पुढे आलेल्या वारसाकडे आणि झडतीत सापडलेल्या माणसाकडे पोलीस एकाच नजरेने पाहत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

आता नवा परवाना. शस्त्र नियम, २०१६ यांच्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर तो मागता येतोच, पण धारकाचे वय ७० झाले किंवा त्याने बंदूक २५ वर्षे बाळगली, तर तो हयात असतानाच वारस सुचवू शकतो. ही दुसरी तरतूद आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले परवानाधारक आहेत त्यांनी हे वाचून उद्याच कामाला लागावे. आपल्या प्रकरणात परवाना पिकाच्या रक्षणासाठी होता, तेव्हा जो प्रत्यक्ष बाग राखतो त्याचाच अर्ज टिकेल. भाऊ चाकरमानी आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. त्याला पीक संरक्षणाचे कारण दाखवता येणार नाही. त्याचे व आईचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र घ्यावे, सातबारा जोडावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. पोलिसांचा अहवाल मागवल्याशिवाय निर्णय होत नाही. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागावा. त्यावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी बेलापूरच्या कोकण भवनात, अपील करता येते. आपल्याजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्ट म्हणते, हेही अल्पभूधारकांनी लक्षात ठेवावे.

आईंना दसऱ्याचे वाईट वाटेल. पण पूजेसाठी कोयता, विळा, नांगर आहेतच.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलाला छर्ऱ्याची एअरगन घेऊन द्यायची आहे. परवाना लागतो का? (पेण)

उत्तर : ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपेक्षा अधिक जोर नसलेली एअरगन असेल तर लागत नाही. त्यापुढे लागतो. पक्ष्यांवर ती चालवणे हा वन्यजीव कायद्याखालील गुन्हा आहे, मग नळी कितीही लहान असो. मुलाला नेमबाजीची आवड असेल तर एखाद्या रायफल क्लबात घाला. पहिल्याच दिवशी तेथे नळी कोठे रोखायची नाही हे शिकवतात, आणि ते घरच्या अंगणात शिकवणारा सहसा कोणी नसतो.

प्रश्न : हापूसच्या हंगामात आमच्या कलमांच्या बागेत गुरखा राखणीला असतो. रात्री तो एकटाच मांगरात (बागेतील खोपटात) झोपतो. माझ्या नावे बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे. मी घरी जेवायला गेलो की ती त्याच्याजवळ ठेवतो. त्याला फक्त हवेत बार काढायला सांगितले आहे. यात गैर काही आहे का? (देवगड)

उत्तर : आहे, आणि ते आपण समजता त्याहून मोठे आहे. परवाना व्यक्तीचा असतो, बागेचा नसतो. परवान्यात रीतसर नोंद झालेला नोकर सोडला, तर दुसऱ्या कोणाच्याही हाती बंदूक देता येत नाही. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी ती नेणे एवढाच काय तो अपवाद कलम ३ मध्ये आहे. राखणदाराच्या हाती ती सापडली तर त्याच्यावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल होईल, आणि अधिकार नसलेल्याला शस्त्र दिल्याबद्दल आपल्यावरही. आपला परवाना रद्द होईल तो वेगळाच. आणि खटल्यात अडकेल तो बहुधा तोच, कारण त्याला या गावात जामीन राहायला कोणी नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर येथे एका माजी नगरसेवकाची गोळ्या झाडून हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतःलाही संपवले. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या खासगी अंगरक्षकाचे होते, असे तपासात पुढे आले आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली. बागेतील राखणीची आणि त्या घटनेची तुलना करण्याचा हेतू नाही. पण कागदोपत्री एकाच्या नावे असलेले हत्यार दुसऱ्याच्या हाताला लागले, हा धागा दोन्हींत समान आहे, आणि परवान्याच्या पद्धतीचा सारा डोलारा नेमका याच ठिकाणी कोसळतो. राखणदाराला दणदणीत बॅटरी द्या, फटाके द्या, पत्र्याचे डबे द्या, जोडीला दुसरा माणूस द्या. बंदूक आपल्याबरोबर घरी न्या आणि कुलपात ठेवा.

प्रश्न : वानर आणि केलडी (माकडे) यांनी आमचे माड, केळी आणि कोवळे आंबे यांचा विध्वंस केला आहे, भात डुकरांनी लोळवले आहे. पीक संरक्षणाची बंदूक सरकारनेच दिली आणि त्याच सरकारचा वनखात्याचा माणूस म्हणतो की जनावर मारलेस तर आत टाकीन. मग बंदूक कशासाठी दिली? (लांजा)

उत्तर : आपला राग अगदी रास्त आहे. आपला प्रश्न दोन निरनिराळ्या कायद्यांच्या मधल्या बांधावर उभा आहे, आणि तो बांध शेतकऱ्याला कोणी दाखवून दिलेला नाही.

शस्त्र अधिनियम आपल्याला बंदूक जवळ बाळगू देतो. ती कोणत्या प्राण्यावर झाडायची हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ठरवतो. पहिल्या कायद्याचा परवाना दुसऱ्या कायद्यात चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहे. त्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. म्हणून डुकरासाठी नुकसानीच्या पंचनाम्यासह वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. परवानगीने मारलेले डुक्करही सरकारची मालमत्ता असते. त्याच्या मांसाचे वाटे घालता येत नाहीत. हे वाचून अनेकजण हसतील, पण खटले बरेचदा त्या वाट्यांवरूनच उभे राहतात. गवा आणि बिबट्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यांचा विचारही मनात आणू नये. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेली कृती कायदा माफ करतो, परंतु ती सिद्ध करण्याची वेळ आपल्यावर येते.

वानर आणि केलडी यांना मारण्याची मोकळीक कायद्याने दिलेली नाही, आणि दिली असती तरी फार उपयोग झाला असता असे आम्हाला वाटत नाही. हिमाचल प्रदेशात सिमला शहराच्या हद्दीत केंद्र सरकारने २०१६ मध्ये माकडांना उपद्रवी ठरवून मारण्यास मुभा दिली, तर मारायला फारसे कोणी पुढे येईना. हनुमंताचा वंश मारायला हात उचलत नाही, हे तेथे जसे आहे तसे आपल्याकडेही आहे. माकडांसाठी पकडणे, निर्बीजीकरण करणे आणि नुकसानभरपाई वेळेवर देणे हाच मार्ग राहतो, आणि त्याचा जाब ग्रामसभेतून, आमदारांकडून, वनखात्याकडून मागितला पाहिजे. भरपाईचा अर्ज नुकसान दिसताच करावा; पंचनाम्याला माणूस आठ दिवसांनी येतो आणि तोवर पाऊस भात आडवे करून जातो.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, जी आपल्या पत्रात नाही पण आपल्या तालुक्यात आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते, की शिकारीला गेलेल्यांपैकी एकाची गोळी लागून दुसरा गेला. ते कसे घडते हे गावात सर्वांना माहीत असते. चार-पाच जण रात्री निघतात. डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या असतात. दोघे हाकेला, म्हणजे जनावर उठवायला, जातात, बाकीचे वाटेवर बसतात. काजूच्या जाळीत सळसळ होते, उजेडात काहीतरी चमकते, आणि चाप ओढला जातो. छर्ऱ्याचा फैलाव अंतराबरोबर वाढत जातो, त्यामुळे नेम चुकला तरी शेजारचा माणूस वाचेलच असे नाही. नंतर मात्र बंदूक कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ती बहुधा गावठी, बिनपरवान्याची असते, किंवा परवान्याची असली तरी मालक अंथरुणात झोपलेला असतो. अशा वेळी मृताला कोणीतरी आडवाटेवर नेऊन ठेवतो आणि अपघाताची कहाणी रचली जाते. मग शिकारीच्या गुन्ह्यात मनुष्यवधाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा मिळतो. पीक राखणे आणि रात्रीची शिकार यांत जी रेषा आहे ती आपणा सर्वांना दिसते, आणि सरकारने परवाने आवळले की त्याचा दोष केवळ सरकारला देता येत नाही.

प्रश्न : निवडणूक आली की आम्हा परवानाधारकांना गुन्हेगारासारखे ठाण्यात बोलावून बंदुका जमा करून घेतात. हे कायदेशीर आहे का? (कणकवली)

उत्तर : सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करून घेणे हा नियम नाही. निवडणूक आयोगाच्या निर्देशांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असते आणि तिने परवानाधारकांची प्रकरणे एकेक पाहून, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, निवडणुकीच्या काळातील दंग्यांत सापडलेले अशांची शस्त्रे जमा करून घ्यावीत, असे अपेक्षित आहे. निकालानंतर आठवडा उलटताच ती परत द्यावीत, असेही त्यात आहे. प्रत्यक्षात ठाण्यांना सर्वांचीच जमा करणे सोयीचे वाटते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदान ७ मे रोजी आणि निकाल ४ जूनला होता. म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात बंदुका ठाण्यात आणि माकडे बागेत.

आचारसंहिता लागताच, नोटिशीची वाट न पाहता, छाननी समितीकडे अर्ज द्यावा. त्यात बागेचा सातबारा, आपल्यावर गुन्हा नसल्याचे निवेदन आणि मागील वर्षीच्या नुकसानीचा पंचनामा जोडावा. तरीही आपल्या नावाचा लेखी आदेश आला, तर तो पाळावा आणि मग दाद मागावी. ठाण्यात वाद घालून परवान्याच्या फायलीत आपल्याविरुद्ध एक ओळ वाढवून घेण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामदेवतेच्या उत्सवात पालखी निघताना ठासणीच्या बंदुकीचे बार काढण्याची परंपरा आहे. यंदा पोलिसांनी हरकत घेतली. (सावंतवाडी तालुका)

उत्तर : हरकत योग्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये पोटकलम ९ आले. सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळे, लग्नाच्या वराती येथे बंदूक झाडून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गोळी नव्हती, नुसती दारू होती, हे सांगून सुटका होत नाही; गर्दीत नुसत्या दारूच्या बारानेही माणूस भाजतो आणि जुनी नळी फुटते. मानकऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करून, गर्दीपासून दूर, परवानाधारकाच्याच हाताने हे होऊ शकते का, ते विचारावे. नकार आला तर ढोल वाजवावा.

प्रश्न : कायदे कितीही कडक केले तरी गुंडांकडे गावठी कट्टे असतातच. नि:शस्त्र होतो तो सज्जन. अमेरिकेत नागरिकाला शस्त्राचा हक्क घटनेनेच दिला आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये आपल्याला नि:शस्त्र केले आणि आपण तेच चालू ठेवले. आपल्याला तसा हक्क का नसावा? (निवृत्त मर्चंट नेव्ही अधिकारी, अलिबाग)

उत्तर : आपल्या पत्राचा पहिला अर्धा भाग आम्हाला बहुतांशी मान्य आहे. १८७८ चा शस्त्र कायदा परकी सत्तेने प्रजेवरील अविश्वासातून केला होता आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. म्हणूनच १९३१ मध्ये काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वतंत्र भारताच्या संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रत्येकाला बाजारात जाऊन हल्ल्याची हवी ती साधने सरकारच्या रोकटोकीशिवाय विकत घेता आली, तर राज्यकारभार चालणार कसा. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण ते शांततेने आणि विनाशस्त्र. तेव्हा हे इंग्रजांचे चालू ठेवलेले नाही. आपल्याच प्रतिनिधींनी वाद घालून घेतलेला निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये, बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, असे म्हटले आहे.

अमेरिकेच्या घटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ ची आहे. तिच्यातील हक्क नागरी पथकांपुरता की एकेका नागरिकाचा, हा वाद तेथे दोनशे वर्षे चालला आणि २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२२ मध्ये घराबाहेर बंदूक बाळगण्यापर्यंत तो वाढवला. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हाच्या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे त्या देशात १०० माणसांमागे १२० बंदुका नागरिकांकडे आहेत. २०२१ मध्ये तेथे बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे, मे २०२२ मध्ये युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तरी मूळ हक्क घटनेत असल्यामुळे कायदा थोडाथोडाच सरकतो. सज्जनाच्या हाती बंदूक असली की गुंड भितो, हा आपला युक्तिवाद खरा असता तर तो सर्वांत आधी तेथे खरा ठरला असता.

आपला दुसरा मुद्दा, गावठी कट्ट्यांचा, अधिक वजनदार आहे. त्याच संस्थेच्या अंदाजाने भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत आणि त्यांतील नोंदणी झालेल्या सुमारे ९७ लाख. अंदाज थोडाफार चुकलेला धरला, तरी बेनोंदी बंदुका अनेक पटींनी अधिक आहेत हे उघड आहे, आणि आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनपरवान्याच्या हत्यारांनीच होतात हे सरकारी आकडेवारीतही दरवर्षी दिसते. त्यासाठी २०१९ मध्ये बेकायदा शस्त्रे बनवणे व विकणे यांची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी केली. शिक्षा वाढवून कारखाने बंद होतात असे नाही. तपास कट्टा सापडलेल्या पोराशी थांबतो आणि तो कट्टा कोठे घडला तेथपर्यंत पोचत नाही, ही खरी दुखरी जागा आहे, आणि त्याबद्दल आपण सरकारला जितके फैलावर घ्याल तितके थोडे. परंतु त्यावर उपाय म्हणून सर्वांना बंदूक द्यावी हे त्यातून निघत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील असे ठरले आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. मुदतवाढीची सवलत आम्हाला स्वागतार्ह वाटते.

आपण जगभर फिरला आहात, म्हणून ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आपल्यापुढे ठेवतो. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना मारले. काही दिवसांतच सर्व राज्ये आणि केंद्र यांनी एकत्र येऊन कायदे आवळले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. पण शेतकऱ्याची बंदूक काढून घेतली नाही. बंदूक कशासाठी हवी याचे खरे कारण दाखवा, असे तो कायदा विचारतो. शेती हे कारण तेथे चालते, स्वसंरक्षण चालत नाही. आमचे मत विचाराल तर कोकणासाठी हीच दिशा योग्य आहे. बाग आहे, उपद्रव आहे, माणूस निर्व्यसनी आहे, घरात कुलूपबंद कपाट आहे, त्याला परवाना वेळेत आणि हेलपाटे न घालता मिळावा. केवळ कमरेला लावून हॉटेलात मिरवण्यासाठी जो मागतो त्याला तो कोणाच्याही शिफारशीवरून मिळू नये. आजची स्थिती बरोबर उलटी आहे, हे आपण जाणताच.

प्रश्न : माझ्या यजमानांना धंद्यात खोट आली. सहा महिन्यांपासून ते कोणाशी बोलत नाहीत, रात्री दारू घेतात. दोनदा म्हणाले की आता माझ्या असण्याने कोणाचे काय अडते. घरात त्यांची परवान्याची बंदूक आहे. सासरचे म्हणतात, घरची गोष्ट बाहेर नेऊ नकोस. मी काय करावे? (चिपळूण)

उत्तर : ताई, या हप्त्यातील सर्वांत तातडीचे पत्र आपले आहे, म्हणून त्याचे उत्तर टपालानेही वेगळे पाठवले आहे. येथे ते इतरांसाठी छापतो.

यजमान जे बोलले ते गंभीरपणे घ्यावे. तसे बोलणारा करत नाही, ही समजूत चुकीची आहे. त्यांना शांतपणे, पण थेट विचारावे, की जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, की असा टोकाचा क्षण बहुधा थोडा वेळच टिकतो आणि त्या वेळी साधन हाताशी नसले तर तो निघून जातो. अमेरिकेतील ज्या ४८,८३० मृत्यूंचा उल्लेख वर आला, त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. शाळेतील गोळीबाराची बातमी जगभर जाते, या मृत्यूंची जात नाही.

म्हणून बंदूक आणि काडतुसे घरातून आजच गेली पाहिजेत. शेजाऱ्याकडे किंवा भावाकडे ठेवू नका, तो गुन्हा होईल. यजमान चांगल्या मनःस्थितीत असताना त्यांचा विश्वासातील एखादा मित्र किंवा मोठा दीर त्यांना समजावू शकला आणि त्यांनी स्वतःच ती काही महिन्यांसाठी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवण्यास दिली, तर सर्वांत चांगले. परवाना त्यामुळे जात नाही. ते तयार नसतील तर आपण स्वतः ठाण्यात जाऊन प्रभारी अधिकाऱ्यांना सांगावे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. परवानाधारक शस्त्र बाळगण्यास अयोग्य झाला आहे असे दिसले, तर कलम १७ खाली परवाना निलंबित करण्याचा अधिकार त्यांना आहे. मारहाण किंवा धमकी होत असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांची मदत घ्यावी. बंदूक स्वतः उचलून नेण्याचा किंवा ती भरलेली आहे का हे पाहण्याचा प्रयत्न करू नये.

त्याचबरोबर डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र कधीही, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. आपणही बोलू शकता, यजमानही. सासरच्यांना हे उत्तर वाचायला द्यावे. ठाण्यात जाताना परवान्याची वही किंवा तिची प्रत बरोबर न्यावी, अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.